पाखरांचा जमाखर्च

पक्षीनिरीक्षणाला काय लागतं, असं विचारलं की एक जण म्हणतो, ‘काही नाही, दोन डोळे.’ दुसरा गळ्यातल्या दीड-दोन लाखांच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवतो. खोटं दोघंही बोलत नाहीत, पण नवख्या माणसाला दोघांचाही उपयोग नाही. नुसत्या डोळ्यांवर हौस दोन-तीन महिने टिकते. मग पिंपळाच्या शेंड्यावरचा ठिपका ठिपकाच राहतो आणि माणूस कंटाळतो. कॅमेऱ्यापासून सुरुवात करणारा पक्षी बघतच नाही. तो फोटो बघतो, आणि तेही घरी येऊन.

हा हिशेब शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, रविवारची सकाळ मोकळी असणाऱ्या आणि बाल्कनीत येणाऱ्या पाखरांसाठी काही करावंसं वाटणाऱ्या माणसासाठी आहे. भाव पुण्या-मुंबईकडचे आणि ढोबळ आहेत. दुकान आणि सेल पाहून इकडेतिकडे होतील. पण खरा फरक किमतीने पडत नाही, क्रमाने पडतो. चुकीच्या क्रमाने पन्नास हजार घालवलेले लोक आहेत आणि नीट क्रमाने आठ हजारांत पंधरा वर्षं पक्षी बघणारेही आहेत. पक्ष्यांना ‘मदत’ म्हणून बाजारात जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं पक्ष्यांच्या उपयोगाचं नसतं. जे उपयोगाचं असतं ते कुणी विकत नाही, कारण त्यात कुणाला नफा नाही.

पहिले तीन महिने : एक वही

वही-पेनाचे पन्नास-साठ रुपये. बाकी फुकट. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेची ‘मर्लिन’ आणि ‘ईबर्ड’ ही दोन अ‍ॅप मोबाइलवर घ्या. दोन्हींना पैसे पडत नाहीत. मर्लिन पक्षी ओळखायला मदत करतं, ईबर्डवर आपण पाहिलेल्याची नोंद होते. भारतातल्या पक्ष्यांचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, म्हणजे रानात नेटवर्क नसलं तरी अडत नाही.

मर्लिन आवाज ऐकून नाव सांगतं, हे लोकांना फार आवडतं. आवडू द्या, पण त्याच्या भरवशावर यादी वाढवू नका. आपल्याकडचा कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, भृंगराज तर अख्ख्या रानाचे आवाज काढतो. अ‍ॅपने शिक्रा म्हटलं तरी फांदीवर कोण बसलंय ते बघितल्याशिवाय शिक्रा लिहायचा नाही.

या तीन महिन्यांत कुठंही लांब जायचं नाही. घरापासून चालत पंधरा मिनिटांवरची एक जागा धरा. तळं, नाला, टेकडी, स्मशानाजवळची झाडी, कॉलेजचं मैदान, काहीही चालेल. सूर्योदयापासून पुढचे दोन तास सोन्याचे. तिथले तीस पक्षी नीट ओळखता यायला हवेत: साळुंकी, दयाळ, लालबुड्या आणि शिपाई असे दोन्ही बुलबुल, शिंपी, चष्मेवाला, तांबट, वेडा राघू, खंड्या, वंचक, घार, शिक्रा, भारद्वाज, टिटवी, होला वगैरे. नर-मादी, पिल्लू आणि मोठा, बसलेला आणि उडता. हे तीस पक्के झाले की एकतिसावा आपोआप उठून दिसतो. तीस कच्चे ठेवून भिगवणला जाणारा माणूस होडीतल्या नावाड्याला ‘हा कोणता, तो कोणता’ विचारत बसतो आणि उतरल्यावर सगळं विसरतो.

फुकटात शिकायचे दोन मुहूर्त कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह. ५ हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ हा डॉ. सालिम अलींचा. त्या आठवड्यात वन विभाग, महाविद्यालयं आणि गावोगावचे पक्षीमित्र फेऱ्या काढतात. बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत. दुसरा मुहूर्त फेब्रुवारीतला चार दिवसांचा जागतिक पक्षीगणनेचा. किमान पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून दिसेल तो प्रत्येक पक्षी मोजायचा, कावळा आणि कबुतरसुद्धा. त्या चार दिवसांत जाणत्यांच्या शेजारी उभं राहता येतं, आणि शेजारी उभं राहून जे शिकायला मिळतं ते अ‍ॅपमध्ये नाही.

पुस्तक : ५०० ते १,००० रुपये

दुर्बिणीच्या आधी पुस्तक घ्या. सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ पहिल्यांदा १९४१ साली निघालं आणि नंतरच्या आवृत्त्या अजून चालतात. प्रकाशक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, स्थापना १८८३. मराठीत सुरुवातीला किरण पुरंदरे यांचं ‘पक्षी : आपले सख्खे शेजारी’ हाताशी असावं. चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ संदर्भासाठी चांगला, पण तो खांद्यावरच्या पिशवीत वागवायचा ग्रंथ नव्हे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात हे अर्ध्या किमतीत मिळून जातं, आणि पक्षी काही आवृत्ती बघून रंग बदलत नाहीत. शास्त्रीय नावं मात्र बदलतात, ती ईबर्डवर तपासावीत.

दुर्बीण : इथेच पैसे टाका

सगळ्या खर्चात हाच एक खर्च असा आहे, जो पुरेसा केला नाही तर फुकट जातो. त्यामुळे जरा बैजवार.

दुर्बिणीवर ८×४२, १०×५० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पटीने जवळ दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये फक्त अडीच. भर दुपारी फरक कळत नाही, पण पक्षी बघायचे ते पहाटे, संध्याकाळी आणि दाट झाडीत. तिथं ८×४२ मध्ये हळद्या पिवळा दिसतो, १०×२५ मध्ये काळसर.

‘आठ पटच का, दहा किंवा वीस घेऊ की!’ हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. पट वाढली की दृश्याचा घेर लहान होतो आणि हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो. फांद्यांतून उड्या मारणारा चष्मेवाला दहाच्या घेरात सापडेपर्यंत उडून जातो. तळ्याकाठी, माळावर, लांबचे बदक आणि शिकारी पक्षी बघायचे असतील तर दहा पट चालते. पहिली आणि एकुलती दुर्बीण घ्यायची असेल तर आठच.

आता भाव. पाच हजारांच्या आतल्या नव्या दुर्बिणी घेऊ नका. त्यापेक्षा आणखी सहा महिने बिनदुर्बिणीचे काढा. सात ते दहा हजारांत ऑलिम्पस, निकॉन यांच्या पोरो पद्धतीच्या, म्हणजे जुन्या वाकड्या खांद्याच्या दुर्बिणी येतात. दिसायला बोजड, वजनाला जड आणि बऱ्याचशा पावसात भिजवण्याजोग्या नाहीत. पण या भावात त्यांच्याइतकी स्वच्छ प्रतिमा सरळ नळीच्या दुर्बिणी देत नाहीत. बारा ते अठरा हजारांत सरळ नळीच्या, जलरोधक, आत नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणी मिळतात. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहत असाल आणि पावसाळ्यातही बाहेर पडणार असाल तर हा वरचा खर्च सार्थ आहे. पंचवीस-तीस हजारांपुढे दर्जा वाढतो, पण ती वाढ ओळखायला आधी दोन-चार वर्षं दुर्बीण वापरलेला डोळा लागतो.

ऑनलाइन ‘२०–१८०×१००’ असे आकडे घेऊन दीड-दोन हजारांत ज्या दुर्बिणी येतात, त्या खेळणी आहेत. १०० मिलिमीटरचं भिंग म्हणजे चार इंची तोंड. चित्रातल्या तळहाताएवढ्या वस्तूत ते बसेल कुठून? भिंगं लालभडक चमकणारी असतील तर तीही नकोत. चांगल्या लेपाची झाक हिरवट किंवा जांभळट असते आणि ती मंद असते.

दुकानात करायच्या तपासण्या सोप्या आहेत. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाच्या भिंतीकडे करा; सूर्याकडे कधीच नाही. डोळ्यांकडच्या भिंगात उजेडाची दोन वर्तुळं दिसतील. ती पूर्ण गोल हवीत. कडा चौकोनी छाटल्यासारख्या दिसल्या तर आतला प्रिझम हलका आहे. मग लांबची एखादी पाटी किंवा केबल बघा. प्रतिमा दोन दिसत असतील, किंवा दोन मिनिटांत कपाळ दुखायला लागलं, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण तिथंच ठेवा. चष्मा असेल तर ‘आय रिलीफ’ १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आहे ना, हे खोक्यावर वाचा आणि चष्मा लावूनच बघा. दुकानदार काचेच्या कपाटातून बाहेर काढून हातात द्यायला तयार नसेल, तर दुकान बदला.

जुनी दुर्बीण घेणं शहाणपणाचं आहे; अर्ध्या-पाऊण किमतीत सुस्थितीतली मिळते. मात्र मोठ्या भिंगातून आत मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरट काही दिसलं तर ती बुरशी. साफ करून घ्यायला हजार-दोन हजार जातात आणि ती पुन्हा येते. किनारपट्टीच्या दमट हवेत चामड्याच्या बंद केसमध्ये दुर्बीण ठेवणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एकूण तीनशे रुपये. पुड्या दर पावसाळ्यात दोनदा बदलायच्या.

अंगावर काय घालायचं, यावर पैसे खर्चू नका. ‘जंगल’ छापाचे हिरवे-करडे खिसेवाले जॅकेट दोन-अडीच हजारांना विकतात. घरातला जुना मातकट शर्ट तेच काम करतो. पांढरा आणि झगझगीत रंग टाळायचा, बस्स.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. लांब झूमचा एकसंध कॅमेरा साठ-सत्तर हजारांच्या घरात, वेगळ्या लेन्सची जोडी लाखाच्या बरीच पुढे. दुर्बिणीने एक वर्ष काढल्यावरही हात शिवशिवत असतील तर घ्या. नाहीतर मोबाइल दुर्बिणीच्या डोळ्याला टेकवून ओळखीपुरता फोटो निघतो, आणि ओळखीपुरता म्हणजे बहुतेक वेळा पुरेसा.

प्रवास

पुण्याहून भिगवणची सहल घेऊ. उजनीच्या फुगवट्यावरचं कुंभारगाव-डिकसळ परिसराचं पाणी पुण्याहून शंभरेक किलोमीटर. जाऊन-येऊन, आत-बाहेर धरून २२० किलोमीटर. गाडी लिटरला १५ देत असेल तर पंधरा लिटर पेट्रोल, म्हणजे दीड हजाराच्या वर. टोल वेगळा. होडीचा दर बहुधा माणशी नसतो, होडीमागे असतो. त्यामुळे चौघांनी जाणं स्वस्त पडतं. होडीला दीड हजार धरून चाला, आदल्या दिवशी फोन करून नक्की करा. वर गावातच पिठलं-भाकरी किंवा माशाचं जेवण. चौघांत माणशी हजार-बाराशेत सकाळ होते. घासाघीस होडीच्या दरात करू नका. पाखरं राहिली पाहिजेत असं त्या गावाला वाटण्यामागे ते होडीचे पैसे आहेत.

पण जाण्याआधी धरणाची पातळी विचारा. उजनी काठोकाठ असलं की रोहित पक्ष्यांना उभं राहायला उथळ चिखल मिळत नाही आणि ते उशिरा येतात. डिसेंबरात गेलेले लोक ‘फ्लेमिंगो नव्हतेच’ म्हणून हिरमुसून परततात. खरं तर तेव्हा पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या असा सगळा पाहुणा गोतावळा पाण्यावर असतो. फक्त तो गुलाबी नसतो.

ठाण्याच्या खाडीत गणित भरती-ओहोटीचं आहे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून होडी सुटते ती भरतीच्या वेळेप्रमाणे, आपल्या सवडीने नाही. नाशिककरांना निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर जवळ. २०२० साली रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं पाणथळ. तिथं स्थानिक मार्गदर्शक घ्या, दिलेले पैसे वसूल होतात. पनवेलच्या पुढचं कर्नाळा एसटीनेही गाठता येतं. गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरलं की समोर सालिम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी. आणि ज्यांना माळ आवडतो त्यांनी हिवाळ्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य बघावं. धाविक, माळटिटवी, भोवत्या, गप्पीदास असे तिथले पक्षी फोटोत देखणे येत नाहीत, म्हणून गर्दी कमी.

पक्ष्याचा आवाज स्पीकरवर वाजवून त्याला समोर आणून देतो म्हणणारा मार्गदर्शक फुकट मिळाला तरी घेऊ नये. विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं समजून घरटं सोडून धावत येतो. आपल्याला फोटो मिळतो, त्याची सकाळ वाया जाते.

बाल्कनीतला हिशेब

पाणी. यासाठी मातीचं पसरट परळ, बारा इंच रुंद, ८० ते २०० रुपये. खोली दीड-दोन इंचांहून जास्त नको, मध्ये एक चपटा दगड ठेवा म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतो. खोल पातेली, बादल्या, काचेचे वाडगे नकोत. सावलीत ठेवा, जवळ कुंडीतलं झुडूप असावं, पण मांजर दबा धरून बसेल इतकं लगटून नाही. वरच्या मजल्यावर कठड्यावर ठेवणार असाल तर तारेने बांधा. खाली माणसं चालतात. आणि पाणी रोज बदला, दोन दिवसांनी काथ्याने घासा. डासाला अंड्यातून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज बदललेल्या पाण्यात डास होत नाहीत. शेजाऱ्यांनी डेंग्यूचं नाव काढलं तर त्यांना हे सांगा आणि पाणी खरंच रोज बदला. मार्च ते जून या एका परळाला जितके पक्षी येतात, तितके दुसऱ्या कशालाच येत नाहीत.

दाणे. इथं मी स्पष्ट आहे: शहरात दाणे टाकू नका. बाजरी चाळीसेक रुपये किलो, लटकवायचा प्लास्टिकचा फीडर दोन-अडीचशे, म्हणजे खर्च काही फार नाही. पण आठ दिवसांत चिमण्या मागे पडतात आणि कबुतरं मालकी घेतात. त्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ काही माणसांत फुप्फुसांचा गंभीर आजार करते. २०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला त्यामागे हेच कारण होतं. आजूबाजूला चिमण्या खरोखर असतील आणि कबुतरं नसतील, तर तांदळाची कणी किंवा बाजरी, सकाळी मूठभर, तासाभरात संपेल इतकीच. पाव, बिस्किटं, फरसाण कुणालाच नाही. खाडीवर आणि गेटवेच्या बोटींतून कुरव पक्ष्यांना शेव-गाठिया उधळणारे लोक पुण्य समजून ते करतात. मासे-खेकड्यांवर जगणाऱ्या पाखराला तळलेलं बेसन आणि मीठ देण्यात पुण्य कसलं?

झाडं. दाण्यांचे पैसे इकडे लावा. जास्वंद नर्सरीत ६० ते १२०, कढीपत्ता चाळीस-पन्नास. अडुळसा आणि पानफुटी कुणाकडून तरी मागून आणा. फांदी आणि पानावर होतात, विकत घेऊच नयेत. अडुळशाच्या आणि पानफुटीच्या फुलांवर सूर्यपक्षी येतो, कढीपत्त्याच्या काळ्या फळांवर बुलबुल. शिंपी मोठ्या पानाच्या झुडपात पानं शिवून घरटं करतो. एकूण खर्च तीन-चारशे आणि फक्त एक अट, कीटकनाशक फवारायचं नाही. चिमणी दाणे खाते हे खरं, पण तिची पिल्लं अळ्या-किड्यांवर वाढतात. अळी दिसली की फवारा मारणाऱ्या बाल्कनीत चिमणीचं खोकं टांगणं हा विनोद आहे.

खोकी. लाकडी घरटं १५० ते ४०० रुपये. मोहम्मद दिलावर यांच्या नाशिकच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने २०१० पासून २० मार्चचा चिमणी दिन रुजवला, तेव्हापासून ही खोकी भेटवस्तू म्हणून वाटली जातात आणि बरीचशी रिकामी राहतात. कारणं साधी आहेत. एक तर ढोलीत राहणारे पक्षीच खोक्यात राहतात: चिमणी, दयाळ, साळुंकी, पिंगळा. बुलबुल, सूर्यपक्षी, शिंपी, सुगरण स्वतः बांधतात. त्यांच्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काथ्याच्या गोंडस टोपल्या आपल्या हौसेच्या आहेत. दुसरं, परिसरात चिमण्याच नसतील तर खोकं त्यांना बोलावून आणत नाही.

घ्यायचं असेल तर भोक सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर. त्याहून मोठं असलं की साळुंकी शिरते. भोकाखाली बसायला दांडी असलेलं घेऊ नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र उभं राहायला सोय होते. आतून-बाहेरून रंग नको, तळाला पाणी निथळायला दोन बारीक छिद्रं हवीत, छप्पर उतरतं हवं. आठ-दहा फूट उंचीवर, पागोळ्यांच्या आत, दुपारचं ऊन येणार नाही अशा भिंतीला. पत्र्याचं किंवा पातळ प्लास्टिकचं खोकं आपल्या एप्रिलमध्ये भट्टी होतं. ओळखीचा सुतार असेल तर उरलेल्या प्लायवूडमधून शंभर रुपयांत करून देईल. एक लावा आणि वर्षभर थांबा. एकदम बारा लावणाऱ्या सोसायट्यांचे फोटो छान येतात.

काच. नव्या इमारतींच्या मोठ्या खिडक्यांत आभाळ आणि झाडं दिसतात आणि पाखरं त्यात आदळतात. ससाण्याच्या आकृतीचा एकच स्टिकर, १०० ते २०० रुपये, फारसा उपयोगाचा नाही; पक्षी त्याच्या शेजारून जायला बघतो आणि काचेवरच आपटतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने दर दोन इंचांवर ठिपके किंवा उभ्या रेघा लागतात. सव्वाशे रुपयांचा पांढरा रंगाचा मार्कर आणि एक रविवार. कंटाळा असेल तर नुसती साबणाची रेघोटी ओढा, पावसाळ्यापर्यंत टिकते.

जाळी. कबुतरांसाठी बाल्कनीला नायलॉनची जाळी चौरस फुटाला साधारण १५ ते ३० रुपयांनी बसवून देतात. स्वस्त कंत्राटदार ती सैल सोडतो. सैल जाळीत पंख अडकून घार, घुबड, साळुंकी लोंबकळत मरतात. जाळी चारी बाजूंनी ताणलेली, बोटाने दाबली तर लगेच मागे येणारी हवी. तसं लेखी घ्या आणि वर्षातून एकदा तपासणी त्याच पैशात ठरवून घ्या.

सोसायटीचे वाचलेले पैसे

मे महिन्यात सोसायट्या झाडं छाटायला माणूस लावतात. झाडामागे दोन-चार हजार सहज जातात. नेमके हेच दिवस कावळ्यांच्या विणीचे, आणि कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं अंडं असण्याचे. तांबट तर वाळलेल्या मऊ फांदीतच, शेवग्याच्या नाहीतर पांगाऱ्याच्या, भोक पाडून राहतो. आपण ‘मेलेली फांदी’ म्हणून तीच आधी तोडतो. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत एवढंच ठरवा: धोक्याच्या फांद्या तेवढ्या काढायच्या, आणि छाटणी करायचीच तर पावसाळ्यानंतर, आधी दुर्बिणीने झाड तपासून. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार पालिकेची परवानगी लागतेच, ती कंत्राटदाराच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. छाटणीच्या उरलेल्या पैशात पावसाळ्यात उंबर, सावर, पांगारा किंवा करंज लावता येईल. वन विभागाच्या रोपवाटिकेत रोपं खाजगी नर्सरीपेक्षा बरीच स्वस्त असतात. खरा खर्च संरक्षक पिंजऱ्याचा, तो हजाराच्या आसपास.

बाल्कनीत कुणी घरटं बांधलंच तर तीन-चार आठवडे रंगकाम आणि दुरुस्ती पुढे ढकला. खर्च शून्य, फक्त रंगाऱ्याला फोन.

जखमी पाखरू आणि पिंजऱ्यातलं पाखरू

काचेला आपटलेलं पाखरू सापडलं तर चपलांच्या खोक्याला भोकं पाडून, तळाशी सुती फडकं घालून, आत ठेवून झाकण लावा आणि शांत जागी तासभर सोडा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. तासाने खोकं बाहेर नेऊन उघडायचं. बरीचशी उडून जातात. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, मांजराचा दात लागला असेल किंवा मांजा गुंडाळला असेल तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन लावा. मांजा ओढू नका, पक्ष्याजवळून दोन्हीकडे कापा आणि उरलेला तसाच राहू द्या. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातली, तरी संक्रांतीच्या आसपास तो मिळतोच. त्या आठवड्यात गच्ची आणि झाडांवरचे तुकडे गोळा करणं हे मुलांना देण्याजोगं काम आहे. साहित्य म्हणजे एक आकडीचा बांबू.

जमिनीवर बसलेलं, पिसं फुटलेलं, शेपूट आखूड असं पिल्लू बहुधा हरवलेलं नसतं. उडायला शिकतंय आणि आई-बाप वरून बघताहेत. मांजराची भीती असेल तर जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकतात, हे खरं नाही.

राहिला बाजारातला पोपट. काही भली माणसं पिंजऱ्यातले पोपट आणि मुनिया विकत घेऊन गच्चीवरून सोडतात. विकणाऱ्याच्या दृष्टीने हे गिऱ्हाईक उत्तम: कधी भाव करत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतं. सोडलेल्या जागी फासेपारध्याचं जाळं परत लागतं. आपल्याकडचे रानपोपट आणि मुनिया पकडणं, विकणं, विकत घेणं आणि पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लव्हबर्ड आणि बजरीगर परदेशी, त्यांचा कायदा वेगळा, पण तेही ‘मुक्त’ करू नका. बाहेरचं अन्न शोधणं त्यांना ठाऊक नसतं, पहिल्याच दिवशी कावळे गाठतात. विक्रेता दिसला तर जागा, वेळ आणि साधारण किती पिंजरे एवढं लक्षात ठेवा, दोन गल्ल्या पुढे जा आणि मग १९२६ ला फोन करा. त्याच्यासमोर उभं राहून केला तर वन विभागाची गाडी येईपर्यंत पिंजरे दुसऱ्या बाजारात पोचलेले असतात.